काशीच्या वाटेवर चुकणारा ठोका

काशीला आगगाडीने जाणे सोपे आणि शहाणपणाचे आहे. ज्यांना जायचे असेल त्यांनी तसेच जावे. आम्ही मोटारीने गेलो, कारण मोटार माझ्या थोरल्या भावाची होती, आणि त्यांच्या अस्थी त्यांच्याच मोटारीतून न्यायच्या एवढी एकच गोष्ट वहिनींनी आपण होऊन सांगितली होती.

अण्णा जबलपुरात डॉक्टर होते. मी तिथल्याच एका शाळेत संस्कृत शिकवतो. कार्तिकात, दुसऱ्यांचे ताप उतरवता उतरवता, ते स्वतः तापाने गेले. त्यांना मूलबाळ नव्हते. माझ्या दोन्ही मुली वहिनींच्याच हाताखाली वाढल्या. धाकटी आजारी असल्यामुळे माझी पत्नी आमच्याबरोबर येऊ शकली नाही. निघताना ती मोटारीपाशी आली, डब्यांची गाठोडी मागच्या बाजूला नीट ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांना परत घेऊन या." हे तिने का म्हटले ते मला तेव्हा कळले नाही.

विंध्य उतरताना

मोटार उघडी, कापडी टपाची, चार सिलिंडरची. अण्णांनी मला ती चालवायला शिकवली होती, पण भेडाघाटापलीकडे मी ती कधी नेली नव्हती. अस्थींचा तांब्याचा कलश घेऊन वहिनी मागे बसल्या होत्या. रस्ता खडीचा. कलशाला धक्का बसू नये म्हणून मी इतक्या हळू चालवत होतो, की रेवा संस्थानात एका टांग्याने आम्हांला मागे टाकले. टांगेवाल्याने मान वळवून आस्थेने विचारले, "मोटर बीमार है क्या, बाबू?"

खरोखरच बीमार झाली. रेव्याच्या पुढे वहिनी अचानक म्हणाल्या, "भाऊजी, चारांतला एक ठोका चुकतोय."

मला काही ऐकू आले नाही. पण थोड्या वेळाने चढ लागला आणि मोटार अडखळू लागली, तेव्हा मलाही ते कळले. आठ अक्षरांचा चरण म्हणताना दर वेळी एकच अक्षर गाळावे तसे इंजिन म्हणत होते. तुम्हांला हे कसे समजले, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, रविवारी अण्णा बॉनेट उघडून बसत, तेव्हा आत बसून पायाने पेट्रोल कमीजास्त करण्याचे काम वहिनींचे असे. अण्णा समोरून विचारत, आता कसा वाटतो? त्या सांगत. अशी कितीतरी वर्षे गेली.

हे मला ठाऊक नव्हते. एकाच घरात राहून मला वाटत असे, की रविवारी सकाळी वहिनी देवपूजेत असतात.

हनुमना गावच्या डाकबंगल्यात सकाळी चहा घेताना वहिनींनी दुसरी गोष्ट सांगितली. काशीच्या आमच्या उपाध्यायांच्या घराशेजारी, पंचगंगा घाटाच्या वर, एक खोली रिकामी होणार होती. त्यांनी ती विचारून ठेवली होती. "मी तिथंच राहीन म्हणते," त्या म्हणाल्या. "तुम्ही मोटार घेऊन परत जा."

आमच्या घरात मोठ्या गोष्टींना "बरं" म्हणण्याची पद्धत आहे. मी बरं म्हणालो. मग पत्नीचे निघतानाचे शब्द आठवले आणि चहा तसाच राहिला.

त्यानंतर घाट लागला. पठार एकदम संपते आणि समोर काहीच उरत नाही. खाली सपाट देश, निळसर धुके, त्यात मोहरीच्या शेतांचे पिवळे तुकडे, आणि क्षितिजापर्यंत एकही टेकडी नाही. आम्ही डोंगराळ मुलखातली माणसे. एवढी मोठी सपाट जमीन एका नजरेत मी कधी पाहिली नव्हती. इंजिन उतारावर आपोआप गप्प झाले होते.

मिर्झापूरचा तरता पूल

थंडीच्या दिवसांत मिर्झापूरला गंगेवर होड्यांचा पूल बांधतात. एकाला एक जोडलेल्या होड्या, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर गवत पसरलेले. मोटार वर चढली की पूल किंचित खाली बसतो आणि चाकांखालून पाणी बोलते. वहिनींनी कलश दोन्ही हातांनी धरला. मी श्वास रोखून चालवत होतो. पुलाच्या मध्यावर इंजिन दोनदा अडखळले आणि बंद पडले.

मागे बैलगाड्या, उंट, डोक्यावर बोचकी घेतलेली माणसे. ओरडाआरडा सुरू झाला. मी खाली उतरून हँडल फिरवू लागलो. इंजिन एकदा खोकले, पुन्हा गप्प. तेवढ्यात प्रयागच्या माघस्नानाहून परतणारा एक जथा जवळ आला. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने आत डोकावून वहिनींच्या मांडीवरचा कलश पाहिला. त्याने कोण, कुठले, काही विचारले नाही. जोडे काढून कमरेला खोचले. मग बाकीच्यांनीही काढले. तो मला म्हणाला, "आप बैठिए बाबूजी. हम पार लगा देते हैं."

पार लावणे म्हणजे नदी पार करून देणे, आणि त्या भागात याच शब्दाचा दुसरा अर्थ संसारसागरातून तारून नेणे. तो शब्द मी वर्गात किती वेळा समजावून दिला असेल. पण अनवाणी माणसांनी मडगार्डला हात लावून, गंगेचे नाव घेत, अण्णांना त्या फळ्यांवरून हळूहळू पलीकडे ढकलत नेले, तेव्हा मला त्याचा अर्थ सांगता आला नसता. खाली हिरवट, संथ, विशाल पाणी. पलीकडच्या काठावर पोचताच म्हाताऱ्याने जोडे घातले आणि तो आपल्या माणसांत मिसळून गेला.

काठावर हँडल मारल्यावर इंजिन पुन्हा सुरू झाले, आणि तिथून काशीपर्यंत मोटार तीनच ठोक्यांवर आली.

पंचगंगा

काशीच्या गल्ल्यांत मोटार जात नाही. ती गोदौलियाच्या चौकात सोडून आम्ही पायी निघालो. गल्ली एका बैलाच्या अंगाएवढी रुंद, आणि बहुतेक ठिकाणी तो बैल त्यात उभा. मंगलागौरीच्या देवळाजवळ आमचे उपाध्याय गणेशभट यांचे घर. त्यांचे घराणे पेशवाईत इकडे आले. त्यांची मुले गल्लीत हिंदी बोलतात आणि उंबरा ओलांडला की मराठी, पण ते मराठीही इथल्या हवेत वाढलेले. गणेशभटांच्या पत्नी, आमच्या काकू, आम्हांला पाहताच म्हणाल्या, "पानी गरम आहे, आधी नहाऊन घ्या, मग बात करू." वहिनींनी केस ठेवले होते. अण्णांची तशी इच्छा होती. काकूंची नजर तिकडे गेली, थांबली आणि परत आली. त्या काही बोलल्या नाहीत. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता नावेत बसलो. देशभर पूर्वेकडे धावणारी गंगा इथे उत्तरेकडे वळते, त्यामुळे सगळे शहर एका काठावर उगवतीकडे तोंड करून बसले आहे आणि समोरच्या काठावर काहीच नाही. नुसती वाळू. घर नाही, झाड नाही. हजारो पायऱ्या, बुरूज, कळस, स्नान करणारी माणसे, आणि ही सगळी गर्दी ज्याच्याकडे बघते आहे तो काठ मोकळा. मी पुस्तकांतून काशी पुष्कळ वाचली होती. या मोकळ्या काठाबद्दल मला कुणी सांगितले नव्हते. सूर्य त्या वाळूतून वर आला, तेव्हा नावाडीसुद्धा वल्हे थांबवून बसला. तो तर रोजच पाहत असणार.

गणेशभट मंत्र सांगत होते. अस्थी मी सोडायच्या होत्या, पण मी कलश नावेच्या काठावर टेकवूनच थांबलो. वहिनींनी माझ्या हाताखाली आपला हात धरला. पाण्याने काही क्षण सगळे वर ठेवले, मग खाली घेतले. वहिनी मला म्हणाल्या, "थंड आहे पाणी." बस, एवढेच.

परतताना गणेशभटांनी मातीच्या कुल्हडात मलइयो आणून दिले. आपल्याकडे दूध पितात किंवा आटवतात. इथे थंडीत दूध उघड्यावर दवात ठेवून सकाळी घुसळतात आणि त्याचा केशरी फेस विकतात. तोंडात घातला की काही उरत नाही, चव मात्र राहते. काकूंनी आग्रह केला, आणि बऱ्याच दिवसांनी मी वहिनींना गोड खाताना पाहिले.

मग काकू आम्हांला ती खोली दाखवायला घेऊन गेल्या. अरुंद जिन्याच्या वर दोन खोल्या. एकीत वाईच्या गोदूताई राहतात, दुसरी रिकामी होणारी. खिडकीतून गंगा दिसत होती, आणि तोच मोकळा काठ. खोली स्वच्छ होती. गोदूताईंचे वय झालेले, अंगावर लाल आलवण, चेहरा इतका शांत की त्यांच्यासमोर आवाज आपोआप खाली आला. वहिनींनी त्यांना विचारले, "तुम्ही दिवसभर करता काय?"

"वाट बघते," गोदूताई म्हणाल्या आणि प्रसन्न हसल्या.

त्या उत्तरात दुःखाचा लवलेश नव्हता. ती काशीत येणाऱ्या मरणाची वाट होती. काही माणसे इतक्या निर्भयपणे बसून राहू शकतात, हे मला त्या दिवशी कळले. वहिनी खिडकीशी बराच वेळ उभ्या राहिल्या. काकूंनी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत सांगते."

गोदौलियाचे मोटर-शास्त्री

गणेशभटांचे धाकटे भाऊ विष्णुपंत कलकत्त्याला मोटारीचे काम शिकून आले आणि गोदौलियात एका शेडमध्ये दुकान थाटून बसले. घराण्यात सगळे शास्त्री, म्हणून गाव त्यांना मोटर-शास्त्री म्हणते. त्यांना स्वतःला ते फार आवडते. गलेलठ्ठ शरीर, तेलाने काळे झालेले धोतर, शेंडीला व्यवस्थित गाठ आणि गालात पान. मला बघताच म्हणाले, "या मास्तर. काशीत तीन तऱ्हेचे शास्त्री आहेत. वेदाचे, व्याकरणाचे अन् मी. पहिल्या दोघांची गाडी बंद पडली की माझ्याकडे येतात."

मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ती अर्धीच ऐकली आणि निदान करून टाकले. कार्बुरेटरात कचरा आहे, पेट्रोल अडते. त्यांनी कार्बुरेटर उघडला, बारीक भोकाचा तुकडा काढून तोंडाने फुंकला, परत बसवला आणि हँडल मारले. इंजिन सुरू झाले. "झालं," ते म्हणाले. "आता लंकेपर्यंत जा."

वहिनी दाराशी पदर सावरून उभ्या होत्या. काकूंबरोबर घरी न जाता त्या माझ्याबरोबर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अजून चुकतोय."

विष्णुपंतांनी मान तिरकी करून ऐकले. पान एका गालातून दुसऱ्या गालात गेले. "कान पक्का आहे वहिनींचा," ते म्हणाले, आणि चूक झाली म्हणून त्यांना जराही वाईट वाटले नाही. उलट त्यांना रंग चढला.

इंजिन चालू ठेवून त्यांनी कापडात धरून एकेका प्लगची तार उचलायला सुरुवात केली. पहिली उचलली, इंजिन लंगडले. परत लावली, सावरले. जो काम करतो आहे त्याची तार काढली की आवाज पडतो, इतके साधे तत्त्व. दुसरी तार उचलली आणि आवाजात काहीही फरक पडला नाही.

"हा मुर्दा आहे," विष्णुपंत म्हणाले.

लगेच त्यांनी जीभ चावली आणि दोन्ही कानांना हात लावले. वहिनींनीच मग म्हटले, "निजलाय म्हणा."

"निजलाय," विष्णुपंत हळूच म्हणाले, आणि पाना घेऊन तो प्लग बाहेर काढू लागले.

प्लग म्हणजे काय, हे माझ्यासारख्या वाचकांसाठी सांगतो. अंगठ्याएवढी पितळी-लोखंडी वस्तू, आत पांढऱ्या चिनी मातीची नळी आणि टोकाला नखाच्या जाडीची फट. त्या फटीतून विजेची ठिणगी उडी मारते आणि पेट्रोलची वाफ पेटवते. आमचा प्लग टोकाशी मखमलीसारखा काळा झाला होता. विष्णुपंतांनी बोट फिरवले. काजळी कोरडी होती. ओली असती तर इंजिन तेल खाते आहे आणि मोठे दुखणे आहे असे ते म्हणाले असते. उरलेले तीनही काढले. तेही काळे, पण जरा कमी.

मग त्यांनी शेडच्या तोंडाशी ताडपत्री ओढून अंधार केला, पेटीतला एक चांगला प्लग तारेला जोडून इंजिनाच्या लोखंडावर आडवा ठेवला आणि मला हँडल फिरवायला सांगितले. मी फिरवले. टक् असा आवाज झाला आणि फटीत एक निळी रेघ उमटून गेली.

मी हँडल सोडून तसाच उभा राहिलो. जन्मभर अग्नीची सूक्ते शिकवली. अरणी घासून निर्माण होणारा अग्नी वर्गात वर्णन करून सांगितला. पण मोटारीत बसताना मांडीसमोर दर क्षणाला असा किती वेळा अग्नी जन्मतो आणि विझतो, याचा मी कधी विचारच केला नव्हता. आणि ती निळी! गंगेवरच्या सूर्योदयापूर्वीच्या आकाशात तसा रंग त्याच सकाळी पाहिला होता. मी पुन्हा फिरवले. विष्णुपंत हसले नाहीत. "मलाही अजून पाहावंसं वाटतं," ते म्हणाले.

आमचा प्लग लावल्यावर ठिणगी दिसलीच नाही. वीज काजळीतून झिरपून जाते, उडी मारायची वेळच येत नाही.

विष्णुपंतांनी तो प्लग उजेडात आणला आणि चिनी मातीचे टोक मला दाखवले. "आखूड आहे बघा. हा थंडा प्लग. आतली गर्मी झट बाहेर टाकतो, स्वतः थंड राहतो. गाडी पळवणाऱ्याला हाच पाहिजे, नाहीतर टोक लाल होतं अन् वेळेआधीच भडका उडतो. पण धीमी गाडी चालली तर हा कधी तापतच नाही. न तापला तर काजळी जळत नाही. ज्यानं हे प्लग चुनले ना, तो माणूस जल्दीतला होता. चढ आला की पाय आणखी दाबणारा."

"उतारावरसुद्धा," वहिनी म्हणाल्या.

त्या पुढे आल्या होत्या. अण्णांना कधी न पाहिलेला हा माणूस त्यांचे पाऊल कसे होते ते एका काळ्या टोकावरून सांगत होता. अण्णांनी हे प्लग मुद्दाम मुंबईहून मागवले होते, उन्हाळ्यात खेड्यांतले रोगी गाठताना इंजिन फार तापे म्हणून, असे वहिनींनी मग सांगितले. इतक्या महिन्यांत अण्णांबद्दल त्या एवढ्या सलग पहिल्यांदाच बोलत होत्या. विष्णुपंत मध्ये न बोलता ऐकत होते. त्यांच्या बाबतीत ही मोठी गोष्ट असावी.

शेवटी ते माझ्याकडे वळले. "गाडीत खराबी काहीच नाही, मास्तर. प्लग डॉक्टरांचे अन् पाय तुमचा. तुम्ही गाडी गमगीन चालवता. आता एक तर पाय बदला, नाहीतर प्लग."

मी वहिनींकडे पाहिले. मोटार त्यांची होती. त्या थोडा वेळ त्या चार काळ्या टोकांकडे बघत राहिल्या.

"प्लग बदला," त्या म्हणाल्या. "भाऊजींचा पाय बदलायचा नाही."

सारनाथच्या रस्त्यावर

विष्णुपंतांनी लांब टोकाचे, उष्णता धरून ठेवणारे चार प्लग बसवले. पातळ पाते घालून प्रत्येकाची फट जुळवली. मग म्हणाले, आता मोकळ्या रस्त्यावर नेऊन आतली उरलेली काजळी जाळून या, आणि ऐकणारा माणूस बरोबर न्या. ऐकणारा माणूस एकच होता. वहिनी आल्या आणि पुढे, माझ्या शेजारी बसल्या. तिथून इंजिन नीट ऐकू येते.

वरुणा नदी ओलांडल्यावर आमराया लागल्या. त्यांना नुकताच मोहोर आला होता. वहिनी डोळे मिटून बसल्या होत्या. मधूनमधून म्हणत, "थोडं वाढवा." मी वाढवी. "आणखी." मी आयुष्यात चालवली नव्हती इतक्या वेगाने मोटार जात होती. मागे धुराचा एक काळा लोट सुटला, मग राखी, मग काहीच नाही. चारही ठोके एकसारखे पडू लागले, कुठे एक ठोका आणि कुठे दुसरा ते वेगळे सांगता येईना. समोर शेतांच्या वर सारनाथचा विटांचा प्रचंड स्तूप दिसू लागला. इतकी शतके तो तिथे तसाच बसलेला, आणि आम्ही त्याच्याकडे धावत होतो. त्याच्यापाशी पोचून इंजिन बंद केले, तेव्हा कान भरून शांतता आली. वहिनींनी डोळे उघडले. "बरोबर आहे आता," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे ओले होते. वारा लागला असेल असे मी धरून चाललो.

परत आलो तेव्हा विष्णुपंत आमच्या जुन्या प्लगांची टोके पेट्रोलमध्ये बुडवून तारेच्या ब्रशने साफ करत बसले होते. चिनी माती पुन्हा पांढरी निघाली होती. कापडात बांधून त्यांनी ते चारही वहिनींच्या हातात दिले. शेडच्या पलीकडे, गल्लीच्या तोंडाशी, काकू उभ्या होत्या. खोलीचे काय सांगायचे ते विचारायला त्या स्वतःच आल्या होत्या. त्यांना मी पाहिले, वहिनींनीही पाहिले.

वहिनींनी विष्णुपंतांना विचारले, "हे नवे पुन्हा कधी काढून बघायचे?"

"पाचशे मैल होऊ द्या. मग काढा, टोक बघा. तांबूस दिसलं तर सगळं ठीक."

"म्हणजे जबलपूरला गेल्यावर," वहिनी म्हणाल्या. "एखाद्या रविवारी बघीन."

काकूंना ते ऐकू गेले. त्यांनी मान हलवली आणि त्या गल्लीत परत गेल्या. मी बरं म्हणालो आणि हँडल मारायला खाली उतरलो.